बॉल पायथन आणि कॉर्न स्नेकच्या पेटीत कोणती झाडे लावावीत

सापाच्या पेटीत जिवंत झाडे लावायची म्हटली की पहिला प्रश्न हमखास विषारी झाडांचा येतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याला नको इतके महत्त्व मिळते. साप पाला खात नाही. पाला चघळणाऱ्या इग्वानासाठी किंवा कासवासाठी केलेल्या याद्या सापाला लावल्या, तर टिकाऊ आणि स्वस्त अशी बरीच झाडे उगाच बाद होतात. पेटीतली झाडे मरतात ती सापाच्या वजनाने, अपुऱ्या उजेडाने किंवा मुळाशी साचलेल्या पाण्याने. सापाला झाडांपासून त्रास होतो तो बहुधा नर्सरीतल्या कीटकनाशकाचा आणि झाडे जगवण्याच्या नादात वाढवलेल्या ओलीचा. झाडाची निवड या पाच गोष्टींवर करायची. विषारीपणा त्यानंतर.

इथे हिशोब धरला आहे तो १२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या पेटीचा आणि पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनचा. कॉर्न स्नेकसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. धामण, दिवड, मांडूळ, अजगर असे कोणतेही भारतीय साप घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पेटी कितीही चांगली असली तरी. बॉल पायथन हा आफ्रिकेतला साप साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे भारतात तो बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. अमेरिकेतला कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती जपून ठेवा. परदेशात राहणाऱ्यांनी आपापल्या शहराचे आणि राज्याचे नियम पाहावेत.

पेटीतले हवामान एकसारखे नसते

झाड विकत घेण्यापूर्वी रिकामी पेटी दोन दिवस दिवे लावून चालू ठेवा आणि तीन ठिकाणी मोजमाप घ्या: दिव्याखालची उबेची जागा, मधला भाग आणि थंड कोपरा. बॉल पायथनच्या पेटीत उबेच्या जागी पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश आणि थंड बाजू २५ ते २७ अंश असते, आर्द्रता साधारण ६० ते ८० टक्के. कॉर्न स्नेकला ऊब २९ ते ३१ अंश पुरते, थंड बाजू २२ ते २५ अंश आणि आर्द्रता ५० ते ६० टक्के चालते. म्हणजे एकाच पेटीत एका टोकाला कोरडी गरम जागा आहे आणि दुसऱ्या टोकाला सावलीतली दमट. दोन्हीकडे एकच झाड लावले तर एकीकडचे मरणारच.

दिव्याच्या झोताखालच्या साधारण २० सेंटिमीटरच्या वर्तुळात काहीच लावू नका. तिथे शहाबादी फरशीचा किंवा कडप्प्याचा तुकडा ठेवा, कडा घासून बोथट केलेला. फरशी ऊब धरून ठेवते, सापाला त्यावर पसरता येते आणि भक्ष्य देण्यासाठीही तीच जागा कामी येते. हीटिंग मॅट पेटीखाली लावायचा विचार असेल तर तो सोडा. वर १० सेंटिमीटर ओली माती असली की ऊब वरपर्यंत पोहोचत नाही, थर्मोस्टॅट ती वाढवत राहतो आणि मुळ्या खालून शिजतात. झाडांच्या पेटीला ऊब वरूनच द्यावी लागते, दिव्याला जाळीचे संरक्षण आणि थर्मोस्टॅट लावून.

उजेडाच्या बाबतीत डोळ्यावर विसंबू नका. माणसाला लख्ख वाटणारी पेटी झाडाला अंधारकोठडी असू शकते. फोनवरचे लक्स मोजणारे ॲप पूर्ण अचूक नसते, पण अंदाजापुरते चालते. पान जिथे असेल तिथे फोन ठेवून बघा. मनीप्लांट किंवा झेडझेड (जाड, चकचकीत पानांचे घरातले झाड) १००० ते २००० लक्सवर तग धरतात, फर्न आणि शोभेच्या गुझमानियाला २००० ते ५००० हवेत. ऊब देणाऱ्या बल्बच्या भरवशावर राहू नका, वेगळी एलईडी पट्टी लावा: ६५०० केल्व्हिनची, पेटीच्या लांबीइतकी, ३० ते ४० वॉटची. जाळीचे झाकण बराच उजेड अडवते, म्हणून पट्टी शक्यतो जाळीच्या आत बसवा, पण साप तिला वेटोळे घालू शकणार नाही अशी. टायमरवर १२ तास चालू, १२ तास बंद. बॉल पायथन निशाचर आहे. रात्री झाडांसाठी दिवा चालू ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची, नळी असेल तर पाने तिच्यापासून १५ सेंटिमीटर तरी दूर राहतील अशी छाटत राहा, नाहीतर शेंडे करपतात.

कोणते झाड सापाखाली टिकते

बॉल पायथनची मादी दीड-दोन किलोची होते आणि हा साप जमिनीवर वावरतो. वाटेत आलेल्या झाडाला तो वळसा घालत नाही, त्यावरून जातो. म्हणून झाड मोडणार नाही अशी आशा धरण्यापेक्षा मोडल्यावर पुन्हा फुटेल असे झाड निवडा. ज्याचा जीव जमिनीखालच्या गड्ड्यात किंवा प्रत्येक पेरात असतो ते टिकते. ज्याचा सगळा जीव एका शेंड्यात असतो ते एका रात्रीत संपते.

पहिले झाड अर्थातच स्नेक प्लांट, म्हणजे सान्सेवेरिया. जाड, चिवट पाने आणि जमिनीखाली आडवा गड्डा. पान पिचले तर शेजारून नवे येते. तो कोरड्या-गरम बाजूला लावायचा, फरशीच्या कडेपासून हातभर नव्हे, वीतभर अंतरावर. उंच जातीची पाने सापाच्या भाराने आडवी पडतात, म्हणून ३० ते ४० सेंटिमीटरचे रोप घ्या किंवा नर्सरीत ‘हान्नी’ नावाने मिळणारी बुटकी जात घ्या, ती वीतभरच वाढते. नळीसारख्या पानांची सिलिंड्रिका घेतलीत तर टोके टणक आणि अणकुचीदार असतात. ती कात्रीने बोथट करा. या झाडाचा एकच शत्रू, सतत ओली माती. बुडाशी पान पिवळे पडून मऊ झाले की ते कुजते आहे असे समजा.

मनीप्लांट प्रत्येक घरात असतो आणि त्यामुळेच त्याची कदर होत नाही. पेटीसाठी त्याच्याइतके माफ करणारे झाड दुसरे नाही. प्रत्येक पेरातून मुळे फुटतात, त्यामुळे वेल चिरडली तरी चार ठिकाणी पुन्हा रुजते. थंड बाजूच्या मागच्या भिंतीला कॉर्कची साल किंवा काथ्याची जाळी लावून त्यावर चढवा, खालून साप गेला तरी वरचा भाग सुरक्षित राहतो. पानात सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून तो कुत्र्या-मांजरांसाठी विषारी झाडांच्या यादीत सापडेल. चघळल्यावर तोंडाची आग होते हे खरे. पण साप चघळत नाही. फिलोडेंड्रॉन आणि सिंगोनियमचेही असेच. डिफेनबाखिया मात्र नको: त्याचे खोड मांसल आणि ठिसूळ असते, सापाच्या भाराने फुटते आणि झोंबणारा रस बाहेर येतो.

ॲस्पिडिस्ट्रा, ज्याला नर्सरीवाले कास्ट आयर्न म्हणतात, तो बॉल पायथनसाठी सर्वांत योग्य. प्रत्येक पान जमिनीतून स्वतंत्र येते, देठ लवचीक असतो आणि कमी उजेड चालतो. अडचण दोनच: सगळीकडे मिळत नाही आणि फार हळू वाढतो. मिळाला तर दहा-बारा पानांचा मोठा गठ्ठाच घ्या, तीन पानांचे रोप वर्षभर तीन पानांचेच दिसेल. तो न मिळाल्यास झेडझेड लावा. त्याचे गड्डे बटाट्याएवढे होतात, फांदी आडवी पडली तर कापून टाका, नवी येते. पाणी पंधरवड्यातून एकदा पुरे.

फर्नच्या मोहात सगळे पडतात. बोस्टन फर्न दमट कोपऱ्यात छान दिसतो आणि दबला तरी बुडातून नवी पाने काढतो, पण एक दिवस माती कोरडी पडली की पाने गाळतो आणि तो चुरा पाण्याच्या भांड्यात जातो. तो पाण्याच्या भांड्याशेजारीच लावा, सांडलेले पाणी त्याला मिळते. बर्ड्स नेस्ट फर्न जमिनीत लावू नका. त्याची पाने मधल्या एकाच केंद्रातून येतात आणि ते घरट्यासारखे केंद्र बघून साप नेमका त्यात वेटोळे घालून बसतो. केंद्र दबले की झाड संपले. तो मागच्या भिंतीवर ३५ सेंटिमीटरच्या वर, कॉर्कच्या कप्प्यात बसवला तरच टिकतो.

ब्रोमेलियाडपैकी, म्हणजे अननसाच्या कुळातल्या झाडांपैकी, गुझमानिया घ्या, पानांच्या कडा गुळगुळीत असतात. निओरेगेलियाच्या अनेक जातींना करवतीसारखे दाते असतात. विकत घेताना पानाच्या कडेवरून टोकाकडून बुडाकडे बोट फिरवून बघा. बोटाला टोचले तर सापाच्या पोटाखालच्या खवल्यांनाही टोचेल, कात टाकायच्या दिवसांत तर नक्कीच. गुझमानियाच्या मधल्या पेल्यात पाणी साठते आणि आपल्याकडे त्यात डासाच्या अळ्या होतात. डेंगीचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा पेल्यातले पाणी मोठ्या सिरिंजने ओढून काढा आणि ताजे भरा.

मागच्या भिंतीसाठी एक कमी वापरली जाणारी वेल म्हणजे विड्याच्या पानांची. तिला सावली आणि दमटपणा दोन्ही आवडते, ती मुळांनी भिंतीला धरते. खोड ठिसूळ असते म्हणून बॉल पायथनच्या पेटीत ती वरच्या भागातच ठेवा. पानमळ्यातून किंवा बाजारातून आणलेल्या वेलीवर फवारणी झालेली असते, त्यामुळे कुणाच्या अंगणातली फांदी मिळाली तर उत्तम. फायकस पुमिला ही चिकटणारी वेलही भिंतीवर चालते. तिच्या चिकाने त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून छाटणी करायची ती साप बाहेर काढून, आणि चीक वाळल्यावरच त्याला आत सोडायचे.

कॉर्न स्नेकची गोष्ट निराळी. तो हलका, सडपातळ, चढणारा आणि माती उकरणारा. त्याला चढायला आधार लागतो, म्हणून लाकडी खोडाची झाडे उपयोगी: शेफ्लेरा, बुटका ड्रसेना. अंगठ्याएवढ्या जाडीचे खोड असलेले रोप त्याचे वजन झेलते, पण खरा भार पेरूच्या किंवा चिंचेच्या वाळक्या, घट्ट बसवलेल्या फांदीवर द्या आणि झाड तिला लागून लावा. स्पायडर प्लांट बॉल पायथनखाली पिठासारखा होतो, कॉर्न स्नेकखाली मात्र निभावतो आणि त्याची पिल्ले फुकट मिळत राहतात. पेपेरोमिया, फिटोनिया, शेवाळाचा गालिचा ही सगळी सजावट फक्त कॉर्नच्या लहान पिल्लांच्या पेटीत. मोठ्या सापाखाली पैसे वाया.

ठाम नकार द्यायचा तो थोड्याच झाडांना. चीक असलेली आणि खरोखर घातक: कण्हेर, रुई, शेर, काटेरी युफोर्बिया. काटे असलेली सगळी, म्हणजे निवडुंग, घायपात, अननस. केवड्याच्या बनात नाग राहतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण केवड्याच्या पानांना दोन्ही कडांनी काटे असतात. काचेच्या पेटीत, जिथे सापाला दुसरी वाटच नाही, तो लावणे क्रूरपणा होईल. आणि रानातून रोपे उपटून आणू नका. अभयारण्यातून आणणे गुन्हा आहेच, पण कुठूनही आणली तरी त्यांच्याबरोबर गोचिडी, गोगलगाई आणि मुंग्या येतात.

नर्सरीतून पेटीत: घाई इथेच नडते

विक्रीला ठेवलेले तजेलदार रोप बहुधा फवारलेले असते. पानावरचे औषध धुता येते, आंतरप्रवाही औषध धुता येत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध मुळांतून झाडात शिरते, मातीत महिनोन्महिने टिकते आणि पेटी साफ ठेवायला मातीत सोडलेले बारीक जीव (ते पुढे येतील) आधी मारते. ते जीव आठवडाभरात नाहीसे झाले, तर संशय रोपावरच घ्यायचा.

म्हणून क्रम असा ठेवा. रोप पिशवीतून काढून मुळांवरची सगळी माती वाहत्या पाण्याखाली धुवा. त्यात पिवळसर गोळ्या दिसतील, त्या सावकाश विरघळणाऱ्या खताच्या. एकही राहू देऊ नका. पांढरे हलके खडे, म्हणजे परलाइट, तेही काढा, कारण ओल्या भक्ष्याला चिकटून ते पोटात जाऊ शकतात. एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड सोप घालून पानांच्या दोन्ही बाजू पुसा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. मग नव्या, खत नसलेल्या मातीत लावून पेटीबाहेर किमान चार आठवडे ठेवा. फवारणीची माहिती मिळाली नाही तर आठ आठवडे. या काळात मिलीबग, कोळी, गोगलगाय जे काही असेल ते दिसून येते. हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका. पेटीतून बाहेर आलेली रोपे धुताना तर मुळीच नाही, सापांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.

याहून सोपा आणि आमच्या मते चांगला मार्ग म्हणजे विकतचे रोप पेटीत लावायचेच नाही. त्याची कलमे करायची. मनीप्लांटच्या दोन-तीन पेरांच्या काड्या पाण्यात ठेवल्या की दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात. स्नेक प्लांटचा गड्डा फोडून वेगळा करता येतो. स्पायडर प्लांटची पिल्ले तयारच असतात. स्वतःच्या घरी वाढलेल्या या दुसऱ्या पिढीत औषधाचा अंश फारच कमी राहतो. वेळ लागतो, पण तोवर पेटीची माती तयार करता येते.

माती आणि लावणी

काळी माती नको. ओली झाली की चिखल, वाळली की ढेकळे आणि भेगा. नर्सरीतली तयार ‘पॉटिंग मिक्स’ही नको, त्यात शेणखत असते, त्याने चिलटे होतात आणि बंद पेटीत वास कोंडतो. मिश्रण असे करा: चार भाग खत नसलेली लाल माती, तीन भाग कोकोपीट, दोन भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि अर्धा भाग हरभऱ्याएवढे तुकडे केलेला लाकडी कोळसा. १२० × ६० च्या पेटीत ११ सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण ८० लिटर मिश्रण लागते. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटेचा अर्धा भाग पुरेल. ते भिजवून दोन-तीनदा पिळून धुवा, त्यात मीठ असते आणि त्याने फर्नच्या कडा जळतात. ओल्या मातीसह पेटीचे वजन शंभर किलोच्या वर जाते हे स्टँड निवडताना लक्षात ठेवा, प्लायवुडचे जुने टेबल वाकते.

तळाशी चार सेंटिमीटर क्ले बॉल्स, म्हणजे भाजलेल्या मातीचे हलके गोळे, त्यावर मच्छरदाणीच्या फायबर जाळीचा तुकडा, कडेने दोन-दोन सेंटिमीटर वर वळवलेला. हा निचऱ्याचा थर आहे, पाण्याचा साठा नव्हे. काचेतून त्यात पाणी दिसू लागले की पाणी देणे थांबवा. एका कोपऱ्यात बोटभर जाडीची पीव्हीसी नळी तळापर्यंत उभी ठेवा, तोंडाला जाळी बांधून. जास्त झालेले पाणी तिच्यातून सिरिंज आणि नळीने ओढता येते.

जड दगड आणि लपायच्या जागा माती टाकण्यापूर्वी बसवा, थेट तळावर टेकतील अशा. मातीवर नुसता ठेवलेला दगड साप खालून पोखरतो आणि तो त्याच्यावरच येतो. लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबेत आणि एक थंडीत. झाडांची दाटी ही त्यांना पर्याय नाही. बॉल पायथनला अंग चहूबाजूंनी टेकेल अशी घट्ट अंधारी जागा लागते.

झाडे थेट मातीत लावण्यापेक्षा चार ते सहा इंचांच्या, पण १० सेंटिमीटरहून उंच नसलेल्या मातीच्या कुंडीसकट पुरा, कुंडीची कड मातीने झाकली जाईल अशी. मुळ्या उकरल्या जात नाहीत आणि आजारी झाड शेजाऱ्यांना न हलवता उचलता येते. छिद्रांच्या प्लास्टिकच्या जाळीदार कुंड्या टाळा. लहान सापाचे डोके छिद्रात अडकू शकते. रोपाच्या बुडाभोवती तीन-चार मोठे गुळगुळीत गोटे लावले की साप तिथे वेटोळे घालत नाही. भिंतीवरच्या वेली बांधायला तार किंवा नायलॉन वापरू नका, काथ्या वापरा.

एवढ्या पेटीत झाडे किती? गरम बाजूला दोन-तीन स्नेक प्लांट, मध्ये एक ॲस्पिडिस्ट्रा किंवा झेडझेड, थंड बाजूला एक बोस्टन फर्न, भिंतीवर मनीप्लांटच्या चार काड्या आणि हौस असेल तर वर एक बर्ड्स नेस्ट. जमिनीचा तिसरा हिस्सा झाकला गेला की थांबा. झाडे वाढतात, हे पहिल्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

वर तीन सेंटिमीटर वाळका पाला पसरा: फणस, जंगली बदाम, आंबा. हापूसच्या बागेतला नको, तिथे फवारणी होते. कडुनिंब आणि निलगिरीचाही नको. पाला दहा मिनिटे उकळून उन्हात वाळवा. हेच स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड या सफाई करणाऱ्या जिवांचे अन्न आणि घर. लावणीनंतर आठवड्याने ते सोडा आणि दिवे चालू ठेवून पेटी सहा आठवडे सापाशिवाय चालवा. झाडाने दोन-तीन नवी पाने काढली म्हणजे मुळे धरली. त्याआधी दोन किलोचा साप सोडला तर सगळे उपटून निघेल.

नवा साप तर थेट या पेटीत कधीच नाही. त्याला आधी दोन ते तीन महिने कागद अंथरलेल्या साध्या पेटीत ठेवा. सापाच्या अंगावरच्या उवांसारख्या माइट्स मातीत आणि सालींच्या फटीत अंडी घालतात, आणि त्यांच्यावरचे औषध तुमचे सगळे स्प्रिंगटेल व आयसोपॉडही मारते. एकदा माइट्स शिरल्या की माती, पाला, झाडे सगळे फेकावे लागते.

पाणी, आणि बिघाड कसा ओळखायचा

पाणी झाडाच्या बुडाशी आणि पेटीच्या कोपऱ्यांत ओता, वरून सगळीकडे फवारत बसू नका. थंड बाजूला आठवड्याला अर्धा ते एक लिटर ही सुरुवात धरा आणि मातीत बोट घालून पुढचे ठरवा. वरचा दोन सेंटिमीटर थर दिवसभरात सुकला पाहिजे, खालचा ओलसर राहिला पाहिजे. सतत ओल्या पृष्ठभागावर बसलेल्या सापाच्या पोटाखालचे खवले तपकिरी-लालसर होऊन कुजतात; दमट आणि कोंडलेल्या हवेत श्वसनाचा संसर्ग होतो. घरघर, तोंडाशी बुडबुडे किंवा उघडे तोंड दिसले तर झाडांचा विचार बाजूला ठेवून साप कोरड्या, उबदार साध्या पेटीत हलवा आणि सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

ऋतूप्रमाणे हात बदलावा लागतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरचीच आर्द्रता इतकी असते की फवारा पूर्ण बंद करून झाकणाचा वायुवीजनाचा भाग मोकळा ठेवावा लागतो. याच दिवसांत स्नेक प्लांट कुजतात. पुण्यात आणि त्याहून जास्त विदर्भात एप्रिल-मेची दुपार कोरडी असते, फर्न तेव्हाच करपतात. नागपुरात खोलीच ४० अंशांवर जात असेल तर प्रश्न झाडांचा उरत नाही, खोली थंड करावी लागते. थंड देशांत हिवाळ्यातल्या घरच्या हीटिंगने हवा कोरडी होते. तिथे जाळीच्या झाकणाचा दोन तृतीयांश भाग ॲक्रिलिकने झाका.

पाने फिकट आणि देठ लांबुळके झाले तर उजेड कमी पडतो आहे. खालची पाने पिवळी आणि माती आंबूस वासाची, तर पाणी जास्त. एकाच बाजूची पाने करपली तर दिवा जवळ आहे. एखादेच झाड अचानक पिवळे पडले तर त्याच्या बुडाशी बघा, सापाने तिथे युरेट टाकलेले असते. हा पांढरा खडूसारखा भाग नत्राने भरलेला असतो आणि मुळे जाळतो. मोठ्या सापाची विष्ठा बारीक किडे पचवतील या भरवशावर सोडू नका; विष्ठा आणि युरेट त्याच दिवशी उचला, खालची मूठभर माती काढा आणि तिथे नवी घाला. तरी मातीत जो थोडा अंश उरतो त्यामुळे या झाडांना वेगळे खत सहसा लागत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत मातीवर आणि लाकडावर पांढरी बुरशी येते, तिला घाबरू नका, स्प्रिंगटेल वाढले की ती ओसरते. चिलटे झाली तर पाणी निम्मे करा. मिलीबग दिसला तर कुंडी बाहेर काढून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, धुवा, दोन आठवडे बाहेर ठेवा. पेटीत कोणतेही औषध फवारू नका, कडुनिंबाचे तेलही नाही.

भक्ष्य द्यायचे ते गोठवलेले, पूर्ण वितळवून कोमट केलेले, आणि फरशीवर ठेवून, म्हणजे माती-पाला चिकटत नाही. जिवंत उंदीर पेटीत सोडला तर तो झाडे कुरतडतो आणि सापालाही चावतो. साप खात असताना आणि त्यानंतर दोन दिवस छाटणीसाठी हात घालू नका. छाटणी महिन्यातून एकदा पुरे: मनीप्लांट दिव्याच्या जाळीपर्यंत पोहोचण्याआधी, कात्री स्पिरिटने पुसून, आणि कापलेल्या काड्या पाण्याच्या बाटलीत. पुढच्या वेळी काही चिरडले गेले की त्यातूनच रोप लावता येते.